बेटावरचं पाखरू

"हात मागे!"

बाईंच्या प्रयोगशाळेत शिरणाऱ्या कुणालाही पहिलं हे ऐकावं लागायचं. मग तो कॉलेजचा प्रिन्सिपॉल असो की झाडूवाली. हात पाठीशी बांधायचे आणि मगच काचेच्या पेट्यांकडे बघायचं. बाई स्वतःही तशाच चालायच्या. दोन्ही हात पाठीवर, मान पुढं, जशी काही जमिनीवर सुई पडलीय आणि ती त्यांनाच शोधायचीय. पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला, आणि केसांचा अंबाडा इतका आवळलेला की भुवया वर ओढल्या जायच्या. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. त्या रस्त्यानं निघाल्या की माणसं आपोआप बाजूला होतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

पोलीस ॲक्शननंतर आमच्या शहरात कॉलेज निघालं, तेव्हा शिकवायला माणसं पुण्याकडून यायला लागली. बाई त्यातल्याच. किड्यांचं आणि पाखरांचं, म्हणजे फुलपाखरं-पतंगांचं, शास्त्र शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. आमचे मालक त्यांच्या हाताखाली शिपाई होते. मी चौथीपर्यंत शिकलेली, कॉलेजात माझं काही काम नव्हतं. बाईंना मी ओळखते ती माझ्या घरामुळं, कारण त्यांनी माझं अर्धं घर नेलं.

बाई दिसायला काही खास नव्हत्या, हे आधीच सांगते. म्हणजे तुमच्या डोक्यात भलतं काही यायला नको. माझ्याही डोक्यात तसलं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, एकदा कडाकडा भांडून मोकळी झाले असते. पण जिच्यावर संशय घेता येत नाही, तिच्याशी भांडायचं कशावरून?

त्या मालकांना 'अमुकराव' म्हणायच्या. अमुक म्हणजे त्यांचं खरं नाव. ते मी इथं लिहीत नाही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी लिहिताना हात धजत नाही. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही जावेनं पाठीमागून चिमटा काढला म्हणून. आणि ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच नाव घ्यायची, वर त्याला 'राव' लावून. "अमुकराव, जरा ती पेटी द्या." "अमुकराव, तुम्हाला काय वाटतं?"

काय वाटतं! ह्यांना काय वाटतं हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. लासूर स्टेशनच्या अडतीवर पोती उचलायचे तेव्हा सगळे 'ए' म्हणायचे. निजामाच्या कचेरीत 'अबे ओ'. घरी थोरला भाऊ तर नुसतीच टाळी वाजवायचा. बाईंनी 'राव' म्हटलं आणि हा माणूस ताठ चालायला लागला. मिशी कातरून बारीक केली. जेवायला बसला की सुरू.

"बाई म्हणतात, माशीला हजारो डोळे असतात."

"त्यातले दोन मला द्या म्हणावं, ज्वारीतले खडे निवडायला."

"अगं, चेष्टा नाय. बाई म्हणतात—"

"बाई म्हणतात की भाकरी गरम असताना खावी. खा."

हे असं रोज चालायचं. बाई काय म्हणतात ते मला सगळं पाठ झालं होतं. मी काय म्हणते ते बाईंच्या प्रयोगशाळेत कुणी सांगत असेल असं मला वाटत नाही.

मग तो डबा आला.

बाईंचा भाऊ सरकारी डॉक्टर होता आणि त्याची बदली अंदमानात झाली होती. त्यानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून, आत नारळाचा काथ्या घालून, त्यात कसलेतरी कोश पाठवले. बोटाच्या पेराएवढे, केसाळ, मेलेल्या उंदराच्या पिल्लासारखे. अंदमानच्याही पुढं समुद्रात दोन-चार बेटं आहेत, तिथंच ही पाखरं होतात म्हणे. तेवढी बेटं सोडली तर जगाच्या पाठीवर कुठंच नाहीत. दिवस उन्हाळ्याचे होते. कॉलेजच्या पत्र्याखाली माणसं वाळत होती, तिथं समुद्रातलं पाखरू काय जगणार? बाई म्हणाल्या, गार आणि ओलसर जागा पाहिजे. मालक म्हणाले, "आमच्या घरी हाय की."

आमच्या घरी म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात, रांजणाच्या कोपऱ्यात.

बाई जागा बघायला आल्या. हात पाठीमागे बांधून माझ्या चुलीपुढून गेल्या. रांजणाखालची ओली जमीन बघितली, भिंतीला नाक लावून वास घेतला. म्हणाल्या, "उत्तम! हीच जागा." मग माझं दूध ठेवायचं जाळीचं कपाट दिसलं. "हेही उत्तम!" सगळं ठरवून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुमची हरकत नाही ना?"

आता हरकत असून काय उपयोग होता? मालक माझं दुधाचं पातेलं बाहेर काढत होते.

शेजारी खालाबी राहायच्या. त्यांच्या कानावर डब्याची गोष्ट गेली आणि त्या भिंतीवरून डोकावल्या. "क्या गे, काले पानी से डब्बा आया बोले? तुम्हारा कौन है उधर? क्या करके गया?"

मी सांगून थकले, पण अंदमानला माणूस शिक्षा भोगायला सोडून दुसऱ्या कशाला जातो हे गल्लीला माहीतच नव्हतं. दोन दिवसांत माझा दीर दरोड्यात सापडला असं सगळीकडे झालं. मागच्या गल्लीतली एक ओळखीची बाई डोळे पुसतच आली. "रडू नका, सुटून येतील." मी म्हणाले, "मावशी, माणूस नाय आला गेला. किडे आलेत." तिनं माझ्याकडे आणखीच दयेनं बघितलं.

बरेचसे कोश मेलेलेच होते. जगले त्यातून पाखरं निघाली, त्यांनी खसखशीसारखी अंडी घातली आणि मरून गेली. मग अळ्या झाल्या. काळ्या, अंगभर केस, आणि त्या केसांत लाल झुबके. त्यांना एरंडाची पानं लागायची. मालक सकाळी उठून खाम नदीच्या काठी जाऊन पानं तोडून आणायचे, आणि एकेक पान ओल्या फडक्यानं पुसून अळ्यांपुढं ठेवायचे. माझ्या पोरांची नाकं ह्यांनी कधी पुसली नाहीत. कपाटाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं असायचं, त्यावर दिवसभर पाणी शिंपडायचं. पाणी कुणी भरायचं? नहरीवरनं घागरी कोण आणायचं? हे सांगायला नको.

एक दिवस आमच्या धाकटीचं अंग तापलं. मी म्हणाले, वैद्याला घेऊन या. "आलो, येवढी पानं बदलतो," म्हणाले. आणि खरंच आधी पानं बदलली, मग गेले. पोरगी बरी झाली, ते जाऊ द्या. पण बाई संध्याकाळी आल्या तेव्हा मी त्यांना चहा दिला नाही.

बाईंच्या लक्षातही आलं नाही. हीच तर त्यांची खोड होती. समोरचा रागावलाय हे कळायला निदान त्याच्याकडे बघावं तरी लागतं. बाई बघायच्या त्या कपाटाकडे, नाहीतर अमुकरावांकडे. आणि मला सांगा, कुणी आपल्यावर एवढा विश्वास टाकला तर कुठला माणूस हुरळणार नाही? ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त जळायचं.

अळ्यांचे पुन्हा कोश झाले, आणि एका सकाळी पाखरू बाहेर आलं. ते मात्र मीच पहिल्यांदा बघितलं, खोटं कशाला बोलू. जाळीला उलटं लटकलेलं, पंख अजून चुरगळलेले. मग ते हळूहळू ताणले गेले. वरचे पंख काळे, त्यावर सायीच्या रंगाचे पट्टे. पट्ट्यांवरूनच बाई त्याला वाघ्या पतंग म्हणायच्या. खालचे पंख शेंदरी, मारुतीला नुकताच शेंदूर लावल्यासारखे. मी काडीनं जरा डिवचलं तर मानेतून पिवळा फेस काढला आणि असा वास सोडला की मी पदरानं नाक दाबलं. मला ते आवडलं. सुंदर होतं, आणि वाटेला गेलं तर घाण करत होतं. दोन्ही एकाच अंगात.

बाई भिंग घेऊन आल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. हात मागे ठेवायचं विसरल्या. कितीतरी वेळ बघितलं. पुस्तकं आणली होती, ती उलटीपालटी केली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अमुकराव, हे पाखरू कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणजे याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. ते आपण द्यायचं. आणि ते नाव तुमचं असेल."

मालकांना आधी कळलंच नाही. "माझं? कशाला माझं?"

"कारण ते तुमच्या हातून जगलं. शास्त्रात तशी पद्धत आहे. लॅटिनमध्ये शेवट जरा वेगळा होतो, पण नाव तुमचंच. जगात जिथं जिथं हे पाखरू ठेवतील तिथं तिथं खाली तुमचं नाव लिहितील."

त्या गेल्यावर मालक रांजणाला टेकून बसले. "नाव राहील गं आपलं."

"तुमचं," मी म्हणाले.

मी ह्यांना पोरं दिली. ती ह्यांचं नाव लावत होती. पण त्यानं ह्यांच्या डोळ्यांत असं पाणी कधी आलं नव्हतं. जे मला देता येत नव्हतं ते ती बाई भिंगातून बघता बघता देऊन गेली, हात झटकून. मी भाजीला फोडणी दिली ती जळाली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गल्लीत गूळफुटाणे वाटले. पाखराचं बारसं! लोक घरी बघायला येऊ लागले. मालक दारात उभे राहून सगळ्यांना सांगायचे, "हात मागे!" मी माझ्या स्वयंपाकघरात शिरायची तर मलाही. खालाबींनी तर मला भंडावून सोडलं. "मरद का नाम तो तू लेती नई. फिर पाखरू कू क्या बोलके बुलाएगी? 'अजी सुनते हो' बोलके?" सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. आतून सांगू? मला वाटलं, आता हे नाव बाईच घेणार, पुस्तकंही घेणार, आणि मी एकटीच तेवढी 'अहो' म्हणत राहणार.

बाईंनी दोन पाखरं टाचणीला लावून पेटीत घातली आणि मुंबईला गेल्या. तिथं एका मोठ्या संग्रहालयात जुनी पाखरं ठेवलेली होती, त्यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय नाव पक्कं होत नाही म्हणे. मालक रोज स्टेशनकडून येणाऱ्या टांग्यांकडे बघायचे.

बाई आल्या त्या स्टेशनवरून थेट आमच्याकडे. वळकटी दारातच ठेवली. तोंडावर कोळशाची कीट तशीच. मालक उठून उभे राहिले. बाई बसल्या आणि त्यांनाही बसा म्हणाल्या.

"अमुकराव, मी चुकले. त्या पाखराला नाव आहे."

मालकांनी जाळीच्या कपाटाकडे बघितलं.

"फार जुनं आहे. तिथं तळच्या कप्प्यात एक पाखरू निघालं, पंख फाटलेलं. कुणी गोरा साहेब त्या बेटांवर गेला होता, त्यानं धरलेलं. त्यानं आपल्या बायकोचं नाव दिलंय. आपलं तेच आहे. मी सगळं तपासलं. एकदा दिलेलं नाव बदलता येत नाही."

मालक म्हणाले, "असू द्या बाई. पाखरू तर तेच हाय ना. जगलं ना."

आणि एवढं बोलून परसात गेले. परसात त्यांचं काही काम नव्हतं.

मग मी बोलले. इतके महिने साठलेलं होतं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. पक्कं झाल्याशिवाय नाव कशाला काढलंत? तुमचं काय, तुम्ही कॉलेजात जाल, दार लावून बसाल. ह्यांनी गल्लीत फुटाणे वाटलेत. उद्यापासून पोरंटोरं ह्यांना पाखरू म्हणून चिडवतील. माणसाला एकदा 'राव' म्हणायचं आणि मग गल्लीत हसू करायचं? त्यापेक्षा 'ए' बरं होतं."

बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, पाखराकडे बघायच्या तसं.

"खरं आहे तुमचं," म्हणाल्या. "कुणाकुणाच्या घरी वाटले?"

"सगळ्या गल्लीत."

त्या उठल्या. मला वाटलं निघाल्या घरी. तर वळकटी तिथंच ठेवून खालाबींच्या दारात गेल्या आणि कडी वाजवली. खालाबी बाहेर आल्या. बाईंचं हिंदी म्हणजे देवाला काळजी. "सुनिए, पाखरू का नाम पहले से था. मैंने देखा नहीं और बोल दिया. गलती मेरी है. अमुकराव की नहीं. उनको कोई हँसना नहीं."

खालाबी गांगरल्या. कॉलेजातली एवढी मोठी बाई दारात उभी, आणि चूक कबूल करतेय! "अजी बाई, आप अंदर आके बैठो तो..."

"नहीं, अभी बहुत घर बाकी हैं."

आणि बाई गल्लीभर गेल्या. शिंप्याकडे गेल्या, अत्तरवाल्याकडे गेल्या, पिठाच्या गिरणीवर रांगेत बाया उभ्या होत्या तिथंही गेल्या. प्रत्येक ठिकाणी तेच, आधी मराठीत, मग त्या फाटक्या हिंदीत. चूक माझी, अमुकरावांची नाही. प्रवासानं मळलेलं पातळ, वरून ऊन, आणि हात पुढं जोडलेले. मी आमच्या उंबऱ्यात उभी राहून बघत होते. त्यानंतर गल्लीत एकानंही मालकांना चिडवलं नाही. उलट गिरणीवाल्यानं त्यांना त्या दिवसापासून 'राव' लावलं.

तुम्ही म्हणाल, मग तरी तुझं मन निवळलं असेल. नाही निवळलं. नवऱ्याचा अपमान झाला की बायको काय करते? भांडते. मी भांडले. त्यानं काय झालं? काहीच नाही. बाईंनी मान खाली घातली आणि ह्यांची मान वर राहिली. हे मला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. मी कुणाच्या दारात माझी चूक सांगायला गेलेली नाही आजवर. माझ्या माणसासाठी जे मी करायला पाहिजे होतं ते ती करून आली, आणि परत येऊन वळकटी उचलताना मलाच म्हणाली, "वहिनी, पाणी द्या हो थोडं." मी दिलं. रांजणातलं, गार. दुसरं काय करणार?

भाकरी थापताना मी त्या मडमेचा विचार करत होते. कोण कुठली, कधीच मरून गेलेली. तिचा नवरा एवढ्या समुद्रापार गेला, असलं देखणं पाखरू धरलं, आणि त्याला बायकोचं नाव सुचलं. आत्तापर्यंत मी एका बाईवर जळत होते, आता दोघींवर जळायला लागले. मालक पाटावर बसले होते. मी विचारलं, "अहो, नाव द्यायचं तुमच्या हातात असतं, तर कुणाचं दिलं असतं?"

त्यांनी घास थांबवून विचार केला. म्हणाले, "बाईंचं."

खोटं बोलायची अक्कल ह्या माणसाला कधीच नव्हती.

पुढं बाईंनी त्या पाखरांच्या पेट्या कॉलेजात लावल्या. माझं कपाट परत मिळालं, पण त्यात दूध ठेवायला मन होईना, कांदे ठेवले. बाई आणखी बरीच वर्षं होत्या. यायच्या अधूनमधून. माझी पोरं त्यांच्यापुढं शिस्तीत वागायची, माझ्यापुढं नाही. धाकटीला त्यांनी भिंगातून मुंगी दाखवली, तर ती आठवडाभर मुंगीच काढत बसली पाटीवर. मग बाई नोकरीतून निवृत्त झाल्या आणि पुण्याला गेल्या. पुण्याच्या गाडीत बसवून मालक आले, तेव्हा मी म्हणाले, "झालं एकदाचं."

नंतर मालकही घरी बसले. एकदा भर दुपारी कॉलेजातला जुना सोबती त्यांना दारात काहीतरी सांगून गेला. मी पीठ मळत होते. मालक माझ्यापुढून सरळ न्हाणीत गेले, आणि अंगावरच्या धोतर-सदऱ्यानिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. कुणी जवळचं गेल्याचं कळलं की आमच्यात अशी आंघोळ करतात. मला वाटलं, लासूरकडचं कुणी गेलं. भावजय आजारी होतीच.

"कोण गेलं?"

"बाई."

ते तसेच ओले उभे होते. सदरा अंगाला चिकटला होता, आणि मिशीवरून पाणी गळत होतं.

मी म्हणाले, "बाईंचं तुम्हाला कशाचं सुतक?"

"लागतं," म्हणाले.

माझा सख्खा मामा गेला तेव्हा ह्यांनी नुसते पाय धुतले होते. ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही. दोरीवरचा कोरडा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला, त्यांना ओसरीवर बसवलं. मळलेलं पीठ झाकून ठेवलं आणि चूल विझवली. नवऱ्याला सुतक लागलं की ते बायकोलाही लागतं. त्यात तिला कुणी विचारत नसतं.

मग न्हाणीत जाऊन उरलेलं पाणी मी डोक्यावर घेतलं. थंड होतं.